बंद पडलेल्या अभ्यासक्रमांची यादी

मराठी विकिपीडियावरून मी आजवर सगळ्यात जास्त काय खोडलं असेल, तर 'प्रवेश सुरू'. शब्द दर वेळी तेच असतात असं नाही. कधी 'मर्यादित जागा', कधी 'नोकरी सांभाळून पदवी', कधी 'उज्ज्वल निकालाची परंपरा'. पुण्यातल्या एखाद्या संस्थेवरचा लेख असतो. स्थापना, संस्थापक, जुनी इमारत, पानशेतच्या पुरात काय वाहून गेलं, असे चार परिच्छेद बरे चाललेले असतात आणि मध्येच भाषा बदलते. 'आमच्या संस्थेत' सुरू होतं. खाली दूरशिक्षणाच्या वीस-बावीस पदव्या-पदविका, प्रत्येकीपुढे कालावधी, काहींपुढे फी आणि तळाला एक मोबाइल नंबर. जून लागला की या भरतीला ऊत येतो. लेखाच्या इतिहासात जाऊन पाहावं, तर भर घालणाऱ्याचं ते पहिलंच संपादन असतं आणि बहुधा शेवटचंही.

नियम या बाबतीत गुळमुळीत नाहीत. विकिपीडिया म्हणजे दूरध्वनी निर्देशिका नव्हे, विक्रीचा कॅटलॉग नव्हे, जाहिरातीची भिंत नव्हे, हे विकिपीडियाने स्वतःबद्दलच लिहून ठेवलंय. अमुक संस्था अमुक कोर्स चालवते, एवढ्यानं तो कोर्स कोशात येत नाही. संस्थेशी देणंघेणं नसलेल्या कुणीतरी त्याबद्दल नीट काही लिहिलेलं असावं लागतं. आणि 'विकिपीडियावर लिंक टाकली की गूगलवर वर येतो' हा जो समज क्लासवाल्यांमध्ये पक्का बसलाय, तोही तसा फुकटच. बाहेरच्या दुव्यांचं वजन सर्च इंजिनांनी धरू नये, अशी खूण विकिपीडिया २००७ पासून त्या दुव्यांना आपोआप लावतो. पण हे सांगायचं कुणाला? नंबरवर फोन करून?

खोडायचं काम मी बिनदिक्कत करते. मला अडवलं ते रविवारच्या वर्गातल्या एका मुलानं.

रविवारी सकाळी मी एका मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर मराठीचे तास घेते. केंद्र म्हणजे आठवडाभर दुसऱ्याच विद्यापीठाचं असलेलं एक कॉलेज. फळ्यावर शनिवारच्या अकाउंटन्सीचा ताळेबंद तसाच असतो. वर्गात येणारी माणसं कोण? सातारा रोडवरच्या दवाखान्यात मावशी म्हणून काम करणारी एक बाई, लग्नानंतर बारावीवर थांबलेल्या दोघी जावा (दोघी एकाच पुस्तकांच्या संचावर अभ्यास करतात, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या दिवशी घरात काय होत असेल याचा मी विचार करत नाही), एक रिक्षावाले काका आणि नव्या पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये राहणारी पाच-सहा मुलं. या मुलांना एमपीएससीला बसायला पदवी लागते, एवढाच त्यांचा नि पदवीचा संबंध. बीड, हिंगोली, वाशीम अशा ठिकाणांहून आलेली. त्यातल्या एकाला मी कौतुकानं सांगत होते की मी विकिपीडियावरून असल्या याद्या कशा काढून टाकते. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, काढता ते ठीक आहे. मग आम्ही बघायचं कुठं?"

प्रश्न रास्त होता. गावाकडच्या मुलाला इंग्रजीतली परिपत्रकं वाचून दाखवणारं कुणी नसतं. त्याच्यापर्यंत दोन गोष्टी पोचतात. एक स्वारगेटच्या आसपास विजेच्या खांबावर चिकटवलेलं 'दहावी नापास? एका वर्षात पदवी' आणि दुसरी मोबाइलवर पहिली उघडणारी गोष्ट. ती पुष्कळदा विकिपीडिया असते. खांबावरच्या कागदापेक्षा कोशातली यादी बरी नाही का? आमच्या चावडीवरही हा मुद्दा निघाला होता. चावडी म्हणजे मराठी विकिपीडियावर संपादकांनी भांडायची जागा. एका जाणत्या संपादकांचं म्हणणं असं की, इंग्रजी वाचणाऱ्याला दहा दारं उघडी आहेत. मराठी वाचणाऱ्यासाठी एक तरी उघडं ठेवा, नियम थोडा वाकवा.

मला ते पटता पटता राहिलं. का राहिलं, हे दूरशिक्षणाची मान्यता कशी चालते ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आपल्याला वाटतं, विद्यापीठाला मान्यता आहे म्हणजे झालं. दूरशिक्षणात तसं नसतं. इथे परवानगी विद्यापीठाला मिळते, तशी ती एकेका अभ्यासक्रमाला मिळते आणि तीही अमुक सत्रापासून अमुक सत्रापर्यंत. सत्रं वर्षाला दोन, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे 'डेब'च्या संकेतस्थळावर विद्यापीठवार तक्ते असतात. त्यात विद्यापीठाचं नाव शोधायचं, मग खाली अभ्यासक्रम शोधायचा, मग उजवीकडे आपलं वर्ष आहे का ते पाहायचं. बी.ए. असेल आणि एम.ए. नसेल. एम.ए. इतिहास असेल आणि एम.ए. अर्थशास्त्र नसेल. ज्या विद्यापीठात वर्गही भरतात आणि दूरशिक्षणही चालतं, त्याला २०२० च्या नियमांप्रमाणे नॅकचे (उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचे) ४ पैकी किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या पहिल्या शंभरांत जागा लागते. नॅकचे गुण काही जन्मभराचे नसतात. शिवाय हद्द असते. राज्य विद्यापीठानं आपल्या राज्याबाहेर दूरशिक्षणाचं दुकान मांडायचं नाही आणि फ्रँचायझी तर कुणालाच द्यायची नाही. म्हणजे परराज्यातल्या एखाद्या विद्यापीठाचा कोर्स त्याच्या गावी अगदी खरा असेल आणि धनकवडीतल्या दोन खोल्यांच्या 'अधिकृत केंद्रा'तून घेतला तर त्याला किंमत शून्य. यादीत 'कोर्स आहे' एवढंच दिसणार. धनकवडी यादीत दिसत नाही.

मानसशास्त्राचं उदाहरण ताजं आहे. दूरशिक्षणातून मानसशास्त्रात बी.ए., एम.ए. करणाऱ्यांची संख्या मोठी होती. माझ्या माहितीतल्या दोन शिक्षिकांनी शाळा सांभाळून ते केलं. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं आरोग्य आणि आरोग्यपूरक विषय दूरशिक्षणातून शिकवायला मनाई केली आणि त्यात मानसशास्त्रही आलं, मायक्रोबायॉलॉजी आणि आहारशास्त्रही आलं. एका निर्णयात देशभरातल्या माहितीपुस्तिकांची पानं रद्द झाली. आता समजा कुण्या भल्या माणसानं २०२३ साली मेहनत करून विकिपीडियावर 'दूरशिक्षणातून उपलब्ध पदव्या' अशी देखणी सारणी केली असती. दुरुस्त कुणी केली असती? जो घालतो तो निघून जातो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, वीस वर्षं उलटून गेली, पण रोज नेमानं काम करणारी माणसं अजून फार नाहीत. अभ्यासक्रमाची यादी पंचांगासारखी असते, वर्ष संपलं की तिच्यावर कुणी मुहूर्त काढू नये. आणि मुहूर्त चुकला तर भटजीबुवांना जाब विचारता येतो, विकिपीडियावर 'सदस्य अमुक' म्हणून कुणाची कॉलर धरणार?

फसलेल्याला तर याची किंमत वर्षांनी मोजावी लागते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या अभियांत्रिकी पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या आधी स्थगित केल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षा द्यायला लावली, त्यानंतरच्या सत्रांच्या थेट रद्द. प्रवेश घेताना या सगळ्यांनी कुठली तरी यादी पाहिलीच असेल की.

कोश ही मुळात सावकाशीची गोष्ट. केतकरांनी ज्ञानकोशाचं काम नागपुरात सुरू केलं आणि पुण्यात पुरं केलं. तेवीस खंड, भागधारक गोळा करण्यापासून छापखान्यापर्यंत सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत मांडलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आणि विसावा पूर्ण व्हायला २०१५ उजाडलं. पहिला खंड निघाला तेव्हा देशात इग्नू हे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ नव्हतं, ते आलं १९८५ मध्ये. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. म्हणजे खंड अर्ध्यावर असताना मराठी माणसाच्या शिकण्याची एक अख्खी तऱ्हा जन्माला आली. मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले, त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इग्नूचेही झाले. दहावी-बारावी न झालेल्या माणसाला 'पूर्वतयारी' करून पदवीच्या दारात आणणारी योजना या विद्यापीठानं चालवली होती, हे कोशात असायला हवं. त्या वर्षी बी.कॉम.ची फी किती होती, याची कोशाला गरज नाही.

ऑनलाइन कोशाचं तसं नसतं, तो क्षणात बदलता येतो, असं कुणी म्हणेल. बदलता येतो हे खरं. बदलला जातोच असं नाही. याद्या ठेवायच्याच तर त्यासाठी वेगळी घरं आहेत. विकिव्हॉयेज या भावंड-प्रकल्पात हॉटेलांची नावं, भाडी, फोन नंबर सगळं चालतं, कारण तिथं येणारा माणूस मुक्कामाची सोय शोधायलाच येतो आणि माहिती जुनी असू शकते हे त्याला ठाऊक असतं. कोशात आलेला माणूस मात्र लिहिलेलं खरं धरूनच चालतो.

त्या मुलाला मी दुसऱ्या रविवारी मोबाइलवर डेबचा तक्ता उघडून दाखवला. छोट्या पडद्यावर तो डावी-उजवीकडे सरकवत, बोटानं ओळ धरून आम्ही त्याचा अभ्यासक्रम शोधला. सापडला. आता दूरशिक्षणातल्या प्रवेशासाठी 'डेब आयडी' लागतो आणि तो काढायला आधी 'एबीसी आयडी' लागतो. पुण्यात एबीसी म्हटलं की मुलं अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला निघतात, म्हणून ही क्रेडिट साठवायची बँक आहे, असं दर वेळी फोड करून सांगावं लागतं. हा तक्ता कुठे असतो, कसा वाचायचा, आयडी का लागतो, हद्द म्हणजे काय, हे सगळं मराठीत, विकिपीडियाच्या 'दूरशिक्षण' या विषयाखाली असलं पाहिजे, याबद्दल मात्र माझं त्या चावडीवरच्या संपादकांशी एकमत झालं. मासे नकोत, तळं कुठं आहे ते सांगा, इतपत तडजोड.

इथे विषय संपायला हरकत नव्हती. पण 'दूरशिक्षण' लेखाचा इतिहासाचा भाग लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीला मी अडखळले. दूरशिक्षणाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण सुरुवात करतात ती मार्च १७२८ च्या 'बॉस्टन गॅझेट'पासून. त्या अंकात केलेब फिलिप्स नावाच्या लघुलेखन शिक्षकानं मजकूर दिला होता की, गावाकडच्या माणसांनाही दर आठवड्याला धडे पाठवले तर ती बॉस्टनमध्ये राहणाऱ्यांइतकीच नीट शिकतील. हा मजकूर म्हणजे काय? जाहिरात! शुद्ध, पैसे देऊन छापलेली 'प्रवेश सुरू'. त्या फिलिप्सला एक तरी विद्यार्थी मिळाला का, त्यानं कुणाची वही तपासून परत पाठवली का, याचा पुरावा त्या जाहिरातीत नाही. म्हणून काही अभ्यासक खरी सुरुवात १८४० मध्ये धरतात. इंग्लंडमध्ये पेनी पोस्ट नुकतंच सुरू झालं होतं आणि आयझॅक पिटमन लघुलेखनाचे धडे टपालानं पाठवून उत्तरं दुरुस्त करून परत धाडत होता. तरी फिलिप्सची जाहिरात इतिहासात बसली ती बसलीच. मी बॉस्टनमध्ये संपादक असते तर ती दोन मिनिटांत उडवली असती.

आणि मग माझ्या आतेबहिणीचं प्रकरण झालं. तिनं २००७ मध्ये दूरशिक्षणातून बी.कॉम. केलं. तेव्हा एका खासगी कार्यालयात ती टायपिंग करायची, आता ती पन्नाशीला आलीय आणि चांगल्या पदावर नोकरी बदलत होती. नव्या कंपनीच्या तपासणीवाल्यांनी तिला ईमेल केला, 'आपल्या पदवीला डेबची मान्यता असल्याचं पत्र जोडा.' तिनं मला फोन केला, "अगं, हे डेब काय असतं? आमच्या वेळी तर असलं काही ऐकलं नव्हतं."

तिच्या वेळी नव्हतंच. तेव्हा मान्यता द्यायची ती दूरशिक्षण परिषद, 'डेक'. ही इग्नूच्या कायद्याखाली चाले. २०१३ मध्ये ती बरखास्त झाली आणि काम यूजीसीकडे आलं, तिथून डेब. २००७ च्या पदवीसाठी डेबचं पत्र मागणं म्हणजे माझ्या आजीच्या लग्नाचं ऑनलाइन नोंदणी प्रमाणपत्र मागण्यातली गत. पण हे त्या तपासणीवाल्या मुलाला सांगणार कसं? त्याला दुवा हवा होता. संस्थेच्या संकेतस्थळावर चालू वर्षाचे कोर्स होते, तिचा बंद झालेला, त्याचा मागमूस नाही. दोन आठवडे ईमेलांची टोलवाटोलवी झाली. शेवटी आत्याच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत त्या वर्षीची माहितीपुस्तिका निघाली. गुळगुळीत मुखपृष्ठावर हसणारी तीन मुलं, आत प्राचार्यांचं मनोगत आणि तिसऱ्या पानावर डेकच्या मान्यता-पत्राचा क्रमांक, तारखेसकट. ते पान स्कॅन करून पाठवलं, सोबत डेक आणि डेबची दोन ओळींत हकिगत, आणि काम झालं.

तेव्हापासून माझं मत असं झालंय. चालू अभ्यासक्रमांच्या याद्या कोशात नकोत, यात काडीचा बदल नाही. पण जे बंद पडले त्यांची यादी हवी. चालू कोर्सची माहिती द्यायला संस्था टपलेलीच असते, यूजीसीचा तक्ता असतो, खांबावरचे कागदही असतात. बंद झालेल्याला वाली नसतो. संस्था आपल्या पानावरून तो पुसते, कारण पुसण्यातच तिची सोय असते. पदवी घेतलेली माणसं मात्र पुढची तीस वर्षं नोकऱ्या बदलत, बढत्या मागत, मुलांच्या फॉर्मवर 'आईचं शिक्षण' भरत हिंडत असतात. पुणे विद्यापीठाचंच घ्या. बहिःस्थ बी.ए., बी.कॉम. करून बँकेत, टपाल खात्यात, शाळांमध्ये लागलेल्या माणसांची पुण्यात एक पिढी आहे. फॉर्म भरायचा, अप्पा बळवंत चौकातून गाईड आणायची, नोकरी करत वाचायचं, परीक्षेला हजर व्हायचं. २०१४ मध्ये विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, पुढे विद्यापीठात मुक्त अध्ययन प्रशाला आली. आज पंचविशीतल्या मनुष्यबळ अधिकाऱ्याला 'पुणे विद्यापीठ, बहिःस्थ' असं गुणपत्रिकेवर दिसलं तर तो बावचळतो. त्याला वाटतं काहीतरी गडबड आहे. बंद झालेल्या कोर्सची नोंद उद्या बदलणार नाही, ती शिळी होण्याची भीती नाही, तिच्यातून कुणाला प्रवेश विकता येत नाही. कोशाला याहून सोयीची गोष्ट कुठली?

हे मी चावडीवर मांडलं. प्रचालकांपैकी (म्हणजे विकिपीडियाची देखरेख करणाऱ्या संपादकांपैकी) एकांचा प्रश्न अपेक्षित होता, "ताई, संदर्भ कुठून आणणार? माहितीपुस्तिका संस्थेचीच ना?" बरोबर आहे. संस्थेनं स्वतःबद्दल छापलेलं ते स्वतंत्र साधन नव्हे. पण 'अमुक साली अमुक कोर्सला अमुक क्रमांकाची मान्यता होती' एवढ्या कोरड्या विधानासाठी ते चालावं, स्तुतीसाठी चालू नये, असं माझं म्हणणं. शिवाय जुन्या वर्तमानपत्रांतल्या प्रवेशाच्या सूचना आहेत, विद्यापीठांचे वार्षिक अहवाल आहेत. एकमत झालेलं नाही. एकांनी तर 'हा संग्रहालयाचा विषय आहे, कोशाचा नाही' असं लिहून खाली हात जोडल्याची खूण टाकली, म्हणजे पुढे बोलू नका.

म्हणून सध्या मी माझ्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या कामाच्या पानावर, काम सुरू केलंय. सारणीत पाच रकाने आहेत: अभ्यासक्रम, संस्था, पहिला प्रवेश, शेवटचा प्रवेश, मान्यता कुणाची. सहावा संदर्भाचा, तो सगळ्यात अवघड. कुणाच्या घरी १९९० नंतरच्या दूरशिक्षणाच्या किंवा बहिःस्थ अभ्यासक्रमांच्या माहितीपुस्तिका असतील, तर रद्दीवाल्याला देण्याआधी मुखपृष्ठाचा आणि मान्यतेच्या पानाचा फोटो काढून ठेवा. कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रभांडारात, चढवू नका, प्रताधिकाराचं झंगट मागे लागतं. साल आणि पत्राचा क्रमांक स्वच्छ दिसला पाहिजे. प्राचार्यांचं मनोगत नसलं तरी चालेल.